मॉर्फीन : सवय निराळी, व्यसन निराळे

"मॉर्फीन दिले तर बाबांना त्याचे व्यसन लागेल," अशी भीती कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या रोग्याच्या घरी पुष्कळदा बोलून दाखविली जाते. काही दिवसांनी पूर्वीची मात्रा पुरेनाशी झाली, की ती भीती खरी ठरल्यासारखी वाटते. मग गोळ्या कपाटात राहतात आणि रोगी रात्रभर कण्हत राहतो. म्हणून या सवयीचा अर्थ आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

एखादे औषध काही काळ सतत घेतले असता शरीर त्यास सरावते व तेवढ्याच मात्रेचा गुण पूर्वीइतका येत नाही. यास वैद्यकात 'टॉलरन्स' म्हणतात. आपण त्यास सह्यता म्हणू. मॉर्फीन मेंदूतील व मज्जारज्जूतील ज्या पेशींवर काम करते, त्या पेशी नित्याच्या सरावाने त्यास कमी दाद देऊ लागतात. हा शरीराचा धर्म होय. रोग्याच्या शीलाचा त्यात दोष नाही.

ही सह्यता सर्व परिणामांविषयी सारखी नसते. आरंभीची गुंगी व मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र टिकून राहते, म्हणून डॉक्टर सोबत रेचक देतात. शिवाय कर्करोगात मात्रा वाढवावी लागते, ती पुष्कळदा रोगच वाढल्यामुळे.

व्यसनाची लक्षणे वेगळी आहेत. औषधाची अनावर ओढ लागणे व अपाय दिसत असूनही ते घेत राहणे, यास व्यसन म्हणावे. वेदना शमविण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फीन घेणाऱ्या कर्करोग्यांत ते सहसा आढळत नाही. डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस स्थापिले. वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी मात्रा द्यावी, हा त्यांचा आग्रह होता. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फीन नियमित द्यावे, असे सांगितले. भारतात २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन रुग्णालयांना ते मिळविण्यातील परवान्यांचा गुंता कमी करण्यात आला.

तथापि एक धोका विसरू नये. सह्यता येते तशी जातेही. मध्यंतरी औषध बंद राहिले आणि मग जुनी मोठी मात्रा एकदम घेतली, तर श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. उलट, चालू औषध एकाएकी तोडले, तर घाम, जुलाब व तळमळ सुरू होते. यास्तव मात्रा वाढविणे, कमी करणे वा थांबविणे हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे. एकाच्या गोळ्या दुसऱ्यास कदापि देऊ नयेत. त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलपात ठेवाव्यात.

आणि रोगी "अजून दुखते" म्हणाला, तर त्यास व्यसनी ठरवू नये. वेदना केव्हा व किती होते ते टिपून ठेवावे आणि डॉक्टरांस लगेच कळवावे.