समुद्री चाचे जहाजावर चढले तर खलाशी काय करतात? बंदूक नसतानाही जहाज असं वाचवलं जातं

४ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ. ब्राझीलहून बहारीनला निघालेलं 'लीला नॉरफोक' हे मालवाहू जहाज अरबी समुद्रात होतं. सोमालियाचा किनारा तिथून आठशे किलोमीटरहून जास्त लांब. तेवढ्यात जहाजावरून संदेश गेला, पाच-सहा हत्यारबंद माणसं वर चढली आहेत. जहाजावर एकूण २१ जण होते, त्यातले १५ भारतीय.

दुसऱ्या दिवशी दुपारी भारतीय नौदलाची आयएनएस चेन्नई तिथे पोहोचली. मार्कोस कमांडोंनी जहाज पिंजून काढलं, तर चाचे गायब! आणि २१ च्या २१ जण सुखरूप. सगळे एका सुरक्षित खोलीत आतून दार लावून बसले होते.

हे नशिबाने घडलं नाही. हत्यारबंद चाच्यांशी लढायचं नाही, फक्त वेळ काढायचा, हे आजच्या व्यापारी जहाजांच्या बचावाचं मुख्य सूत्र आहे.

खलाशांकडे बंदुका का नसतात?

पहिला प्रश्न हाच पडतो. एवढं मोठं जहाज, कोट्यवधींचा माल, मग दोन-चार रायफली ठेवायला काय हरकत आहे?

पण खलाशी हे सैनिक नसतात. शिवाय जहाज एका देशातून दुसऱ्या देशात जातं आणि प्रत्येक बंदरात हत्यारांचे कायदे वेगळे. एका बंदरात चालणारी बंदूक दुसऱ्या बंदरात थेट तुरुंगात पोहोचवू शकते. त्यात जहाजावर तेल किंवा गॅस असेल, तर गोळीबारातून आग लागण्याची भीती वेगळीच. आणि खलाशांनी गोळी झाडली की चाचेही मागेपुढे पाहत नाहीत.

चाचे जहाजावर चढतात कसे?

किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत छोटी होडी जाऊ शकत नाही. म्हणून चाचे आधी एखादं मासेमारीचं किंवा मालाचं गलबत बळकावतात. त्यावर इंधन, खाणंपिणं आणि छोट्या होड्या ठेवतात. सावज दिसलं की दोन-तीन होड्या पाण्यात सोडतात. या होड्या ताशी २५ नॉटपर्यंत, म्हणजे साधारण ४६ किलोमीटर वेगाने धावतात. मालवाहू जहाजाचा नेहमीचा वेग असतो १२ ते १४ नॉट.

होडी जहाजाला चिकटली की आकड्याची लांब शिडी कठड्याला अडकवायची आणि वर चढायचं. पहाटेचा किंवा तिन्हीसांजेचा अंधुक उजेड त्यांना जास्त सोयीचा. होडी दिसल्यापासून चाचे वर येईपर्यंत खलाशांच्या हातात मोजकी मिनिटं असतात. सगळी तयारी असते ती ही मिनिटं वाढवण्यासाठी.

पहिली पायरी: दिसताच पळा

धोक्याच्या भागात शिरण्याआधीच जहाज आपली माहिती नौदलांशी समन्वय साधणाऱ्या केंद्रांना कळवतं. म्हणजे संकट आलं तर कोण, कुठे आहे हे शोधण्यात वेळ जात नाही. डेकवर जादा पहारा लागतो. दुर्बिणी आणि रडार असतातच.

संशयास्पद होडी दिसली की वेग वाढवायचा. १८ नॉट, म्हणजे ताशी ३३ किलोमीटरच्या वर धावणाऱ्या जहाजावर चाचे चढल्याची नोंद नाही, असं जहाज कंपन्यांच्या सुरक्षा मार्गदर्शिकेत नमूद केलेलं आहे. पण प्रत्येक जहाजाला एवढा वेग जमत नाही. मालाने ठासून भरलेलं जहाज पाण्यात खोल बसतं, हळू चालतं आणि त्याचा कठडाही पाण्याच्या जवळ येतो. अशा जहाजाला धोका सगळ्यात जास्त.

मग कप्तान जहाज थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं नागमोडी चालवतो. त्यामुळे जहाजाच्या कडेला लाटा उसळतात आणि छोट्या होडीला शिडी लावणं अवघड होतं.

दुसरी पायरी: चढूच द्यायचं नाही

कठड्याभोवती पात्यांच्या काटेरी तारांची भेंडोळी बांधली जातात. आग विझवण्याचे पाण्याचे पाईप कडेने बाहेर तोंड करून बांधून ठेवतात. त्यातून जोराने पाणी सुटलं की वर चढणाऱ्याचा तोल जातो आणि खालची होडीही पाण्याने भरू लागते.

काही जहाजांवर तर शेतातल्या बुजगावण्यांसारखे पुतळे उभे करतात! खलाशाचे कपडे घातलेला पुतळा लांबून पहारेकऱ्यासारखा दिसतो. काही जहाजांवर कानठळ्या बसवणारं ध्वनियंत्र असतं. २००५ मध्ये सोमालियाजवळ 'सीबोर्न स्पिरिट' या प्रवासी जहाजावर हल्ला झाला, तेव्हा ते वापरलं गेलं होतं. जहाज निसटलं.

शेवटची पायरी: सिटाडेल

एवढं करूनही चाचे वर आलेच, तर उरते ती सुरक्षित खोली. तिला म्हणतात सिटाडेल, म्हणजे बालेकिल्ला. ती बहुतेक वेळा जहाजाच्या खालच्या भागात, इंजिनाजवळ असते. मजबूत दारं, काही दिवसांचं अन्नपाणी, औषधं आणि बाहेर बोलण्यासाठी स्वतंत्र संपर्क यंत्रणा तिथे असते. आत जाताना खलाशी इंजिन बंद करतात. म्हणजे जहाज हातात येऊनही चाच्यांना ते सोमालियाकडे नेता येत नाही.

पण यात एक अट फार कडक आहे. सगळेच्या सगळे आत हवेत. एक जरी माणूस बाहेर राहिला, तरी चाच्यांच्या हाती ओलीस लागतो आणि मग नौदलाचे कमांडो सहजासहजी जहाजावर उतरू शकत नाहीत. म्हणूनच जहाजांवर याचा सराव होतो आणि आत शिरल्यावर हजेरी घेतली जाते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये हीच युक्ती पुन्हा कामी आली. गुजरातच्या सिक्का बंदरातून दक्षिण आफ्रिकेला निघालेल्या 'हेलास ॲफ्रोडाइट' या तेलवाहू जहाजावर चाचे चढले. २४ खलाशी सिटाडेलमध्ये गेले आणि स्पेनच्या युद्धनौकेने त्यांना सोडवलं.

दर वेळी मात्र दार टिकतंच असं नाही. जानेवारी २०११ मध्ये 'सामहो ज्वेलरी' या दक्षिण कोरियन कंपनीच्या जहाजावर चाच्यांनी सुरक्षित खोली फोडली. तेव्हा कप्तानाने इंजिनात मुद्दाम बिघाड घडवून जहाज रखडवलं. कोरियन नौदलाला तेवढा वेळ पुरला. २१ च्या २१ जणांची सुटका झाली. कप्तानाला गोळ्या लागल्या, पण तो वाचला.

मग हत्यारबंद रक्षक का नेत नाहीत?

नेतात. २०११ मध्ये सोमाली चाच्यांच्या २३७ हल्ल्यांची नोंद झाली. त्यानंतर अनेक देशांनी खासगी सशस्त्र रक्षकांना परवानगी दिली. नौदलांची गस्त, जहाजांची तयारी आणि हे रक्षक यामुळे हल्ले झपाट्याने कमी झाले.

पण बंदूक चूकही करते. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळजवळ 'एनरिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी एका होडीवर गोळ्या झाडल्या. होडी चाच्यांची असल्याचा त्यांचा दावा होता. प्रत्यक्षात दोन भारतीय मच्छीमार मारले गेले. कुटुंबीयांना आणि होडीमालकाला १० कोटींची भरपाई देऊन २०२१ मध्ये हे प्रकरण बंद झालं.

वेळ हुकली तर काय होतं?

१४ डिसेंबर २०२३ रोजी 'रुएन' हे जहाज चाच्यांच्या ताब्यात गेलं. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने सुमारे ४० तास चाललेल्या मोहिमेत ते सोडवलं. ३५ चाचे शरण आले, त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केलं. १७ खलाशी सुटले, पण तोवर त्यांचे तीन महिने चाच्यांच्या बंदुकीसमोर गेले होते. 'लीला नॉरफोक'वाले दुसऱ्याच दिवशी मोकळे झाले होते.

लाल समुद्रातल्या हूथींच्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीस नौदलांचं लक्ष तिकडे वळलं आणि सोमाली चाच्यांनी पुन्हा डोकं वर काढलं. जगभरच्या जहाजांवर आज दोन लाखांहून जास्त भारतीय काम करतात, त्यात कोकणातले आणि गोव्यातलेही अनेक जण आहेत. त्यांच्यासाठी सिटाडेलचा सराव म्हणजे फक्त कागदावरचा नियम नाही. एक दिवसात सुटका की तीन महिन्यांची कैद, हे कित्येकदा त्या दारापर्यंत सगळे वेळेत पोहोचतात का, यावर ठरतं.