घरातला दप्तरखाना आणि बिनतारी गायरान

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईच्या त्या महापुराच्या आठवणी अद्याप निघतात. त्याच दिवशी उल्हास नदीने बदलापूर ते कल्याण या पट्ट्यात काय केले, याची आठवण मात्र काठावरच्या वस्त्यांपुरतीच राहिली. पुढे 27 जुलै 2019 रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, सुमारे 1050 प्रवाशांना सोडवावे लागले, आणि तेव्हा कोठे ही नदी चार दिवस देशाच्या बोलण्यात आली. पूर ओसरल्यावर भांडी धुऊन घेता येतात, गाद्या टाकून देता येतात. परंतु भिजलेले खरेदीखत, शाळा सोडल्याचे दाखले आणि एकमेकांना चिकटून बसलेली लग्नाची छायाचित्रे यांचे काय करावे, हे घरातल्या कोणालाच सुचत नाही.

कागदाची ही किंमत उल्हासनगरला शिकवावी लागत नाही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे वसविली गेली व 1949 साली या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. मागे राहिलेल्या मालमत्तेच्या दाव्यांसाठी 1950 साली कायदा झाला, नुकसानभरपाईचा कायदा 1954 साली आला. ज्याने घाईच्या प्रवासात कपड्यांऐवजी कागद बांधून घेतले होते, त्याचे पारडे साहजिकच जड ठरले. पुढे अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी खास उल्हासनगरपुरता कायदा 2006 साली करावा लागला, तेव्हाही घरोघर पुन्हा जुन्या पेट्याच उघडल्या गेल्या. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा आहे. परंतु दगडावर लेख कोरून घेण्याची ऐपत शिलाहार राजांची होती, कारखान्यातील फिटरची किंवा बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या कारकुनाची नव्हे.

या कारकुनाच्या घरातील दप्तर आता मोबाइल फोनमध्ये आले आहे. कर्जाची कागदपत्रे, मुलांच्या गुणपत्रिका, आजीचा शेवटचा आवाज, सारे तेथेच. फोन भरला की एखाद्या परदेशी कंपनीच्या दूरस्थ साठवणीत ते टाकायचे, हा सर्वमान्य मार्ग होय. गूगलने छायाचित्रांसाठी दिलेली अमर्याद मोफत सवलत 1 जून 2021 पासून बंद केली. 15 गिगाबाइटच्या पुढे दरमहा वा दरसाल पैसे मोजावे लागतात. यात कंपनीने फसविले असे म्हणता येत नाही. जागा तिची, भाडे तिचे. पण भाडेकरूचे भाडे थकले म्हणजे काय होते, हे या तीन शहरांत कोणाला ठाऊक नाही? सरकारी डिजिलॉकर 2015 पासून उपलब्ध आहे व परवाना, गुणपत्रिका यांसाठी तो उत्तमच आहे. तथापि आजीचा आवाज सांभाळण्याचे काम सरकारने कधीच पत्करलेले नाही.

म्हणून घरातच स्वतःचे साठवणयंत्र ठेवावे, असा विचार आता मध्यमवर्गात रुजू लागला आहे. एक वा दोन हार्ड डिस्क असलेली ही छोटी पेटी, म्हणजे घरगुती सर्व्हर, अखंड चालू राहते आणि घरातील प्रत्येक फोन व संगणक आपला ऐवज तिच्यात आणून ठेवू शकतो. जुन्या संगणकावरही हे काम भागते. पेटी 15 ते 20 वॅट वीज घेते असे धरले, तर महिन्याला साधारण 11 ते 14 युनिट जळतात. हा खर्च नगण्य नाही, पण तो आधी मोजता येतो. भाडे उद्या किती वाढेल ते मोजता येत नाही.

अडचण येते ती जोडणीच्या ठिकाणी. पेटी घरी आली की पहिला आग्रह असतो तो ती बिनतारी जोडण्याचा. भिंतीवरून वायर नको, नव्याने रंगविलेल्या खोलीला भोक नको, पेटी कपाटात ठेवावी आणि वाय-फायने सारे आपोआप व्हावे. बहुतेक अशा पेट्यांना मुळात तारेचेच तोंड दिलेले असते, हे पाहून गिऱ्हाईक दुकानदाराशी हुज्जत घालते आणि शेवटी वेगळा बिनतारी जोड मागवून घेते. हा जोड बसतो, दिवा लागतो. परंतु छायाचित्रे मात्र मुंगीच्या पावलाने सरकत राहतात.

असे का व्हावे? वाय-फाय ही स्वतंत्र नळी नसून सर्वांची मिळून एक हवा आहे. एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे, असा तिचा नियम. फोन व पेटी दोन्ही एकाच बिनतारी पट्ट्यावर असतील, तर प्रत्येक छायाचित्र फोनकडून राउटरकडे आणि राउटरकडून पेटीकडे असे दोनदा हवेतून जाते. वेग तेथेच निम्मा होतो. त्यात शेजाऱ्यांची गर्दी मिळते. गजबजलेल्या इमारतीत सेकंदाला 4 मेगाबाइट पदरात पडले असे मानले, तर 200 गिगाबाइटचा कौटुंबिक संग्रह पेटीत उतरण्यास सुमारे 14 तास लागतील. तोच संगणक व पेटी दोन्ही राउटरला तारेने जोडली आणि 100 मेगाबाइटचा वेग मिळाला, तर काम 35 मिनिटांच्या आत आटोपते. तेव्हा पेटीने तारेने जोडलेले राहावे व हवा फोनसाठी मोकळी सोडावी, हा साधा हिशेब आहे. राउटर बाहेरच्या खोलीत असेल तर पेटीही तेथेच, उंच फळीवर ठेवावी. चार फुटांच्या तारेवर भागते. भिंत फोडावी लागत नाही.

या हवेचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे घरात नुसता रेडिओ ठेवायचा तरी परवाना लागे व त्याचे शुल्क पोस्टात भरावे लागे. ज्या पट्ट्यात वाय-फाय प्रामुख्याने चालते तो 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भारत सरकारने जानेवारी 2005 मध्ये परवान्यातून मुक्त केला. म्हणजे जे गावात गायरानाचे स्थान, तेच शहरात या पट्ट्याचे. मालक कोणी नाही, चराई सर्वांची. अर्थशास्त्रात हा वाद जुना आहे. रोनाल्ड कोस यांनी 1959 सालीच, लहरींचे हक्क सरकारने वाटण्यापेक्षा बाजारात विकावे, असे मांडले होते. मोबाइल कंपन्यांच्या लिलावांत आज तेच तत्त्व चालते. उलट एलिनॉर ऑस्ट्रम यांनी सामाईक कुरणे, पाणी व जंगले यांचा अभ्यास करून दाखविले, की वापरणारे लोक आपसांत नियम ठरवून ती टिकवू शकतात. 2009 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

बिनतारी गायरान मात्र फार अरुंद आहे. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या व्यवहारात तीनच, 1, 6 आणि 11. बराकीच्या जागी उभ्या राहिलेल्या दाटीच्या इमारतीत वीस घरांचे वीस राउटर असतील, तर त्यांची कोंडी ठरलेलीच; आणि प्रत्येकजण आपल्या राउटरला जास्तीचे अँटेना लावून ती वाढवितो. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा 2018 साली अधिक मोकळा करण्यात आला. तो रुंद आहे, पण भिंतीपुढे लवकर थकतो. गर्दीच्या इमारतीत हा दुर्गुण नसून गुणच मानावा, कारण शेजाऱ्याचा गोंगाटही भिंतीपलीकडेच राहतो. फोन त्या पट्ट्यावर घ्यावेत. सोसायटीच्या सभेत पाण्याची टाकी व गाड्यांच्या जागा यांवर तास न् तास भांडणे होतात. मजल्यावार 1, 6, 11 वाटून घेण्यास दहा मिनिटे पुरतील. तो विषय कोणी पत्रिकेवर घालत नाही, इतकेच.

पेटी बाहेरगावाहूनही उघडता यावी, हा दुसरा मोह. त्यासाठी राउटरचे दार बाहेरच्या जगाला सताड उघडे टाकण्याचा सल्ला मिळतो आणि तो घातक आहे. जून 2021 मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या ‘माय बुक लाइव्ह’ या घरगुती पेट्यांतील ऐवज जगभर दुरूनच पुसला गेला. ही पेटी जुनी झाली म्हणून कंपनीने 2015 नंतर तिची डागडुजी थांबविली होती. लोकांनी ती वापरणे थांबविले नव्हते. घर स्वतःचे म्हटले की कुलूप बदलण्याचे कामही आपलेच. मूळ परवलीचा शब्द बदलणे, सुधारणा वेळच्या वेळी घेणे आणि बाहेरचा मार्ग फार गरज नसल्यास बंद ठेवणे, एवढे न करणाऱ्याने खुशाल भाडेकरू राहावे. त्यात त्याचे नुकसान कमी होईल.

आणि पुन्हा पाण्याचा प्रश्न उरतोच. दोन डिस्कांवर एकच मजकूर ठेवला, की एक बिघडली तरी दुसरी हाताशी असते. पण पूर, चोरी किंवा नातवाने चुकून पुसलेला संग्रह यांपुढे दोन्ही एकाच वेळी जातात. दुसरी प्रत दुसऱ्या घरी, नदीपासून दूर असावयास हवी. बदलापूरच्या भावाने आपली कुलूपबंद केलेली सुटी डिस्क डोंबिवलीच्या बहिणीकडे ठेवावी, बहिणीने आपली भावाकडे. राखीपौर्णिमेला आणि भाऊबीजेला भेट होतेच. त्या दिवशी डिस्क घरी आणायची, नवा मजकूर तिच्यात भरून घ्यायचा आणि पुढच्या भेटीत परत पाठवून द्यायची.