शाईनं आणि पेन्सिलीनं

नाशिकला रामकुंडाजवळ तीर्थोपाध्यायांकडे गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘आडनाव काय आणि मूळ गाव कोणतं?’ एवढं सांगता आलं की आपल्या घराण्याची नामावळी कोणत्या गुरुजींकडे आहे ते कळतं आणि कापडात बांधलेली लांबट वही समोर येते. तीर्थाला आलेल्या पूर्वजांनी तीत आपल्या हातानं लिहिलेलं असतं : आपलं नाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे, गाव, शके, तिथी आणि खाली सही. सरदार-इनामदारांचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधून राहिले. साध्या माणसाच्या पणजोबाचं अक्षर पाहायचं तर अशा जागा फार थोड्या.

माझ्या थोरल्या आत्यानं निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य या वह्यांना दिलं. त्यासाठी ती मोडी शिकली. मोडी नुसती मुळाक्षरं घोकून वाचता येत नाही. बोरू शक्यतो न उचलता लिहिलेली ओळ, शब्द न तोडलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. जुन्या कागदांतली कालगणनाही निराळी. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे अरबी अंकांत सांगितलेला शुहूर सन ११७७. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की येतं इसवी सन १७७६-७७. शकात ७८ मिळवायचे. आत्या हे हिशेब तोंडी करायची.

आमची वंशावळ वहीत मांडताना तिचा एक नियम होता. कागदावर दिसलं तेच शाईनं लिहायचं, ऐकीव ते पेन्सिलीनं. आमचा एक पूर्वज पानिपतावर पडला असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. थोरले काका चिडले, अबोला धरून बसले, पण ते नाव पेन्सिलीतच राहिलं. तिचा हा करडेपणा मला तिच्या विद्वत्तेपेक्षा मोठा वाटतो.

आमच्या छापील कुलवृत्तांतात एका शाखेपुढे ‘वंश खुंटला’ असं लिहिलंय. आत्याला ते पटेना. आमच्याच नामावळीत तिला शके १८४० च्या कार्तिकातली नोंद सापडली. म्हणजे १९१८ सालचा हिवाळा, मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ नुकतीच घरंच्या घरं रिकामी करून गेलेली. त्या शाखेतल्या दोघा भावांच्या अस्थी घेऊन जो आला, त्यानं सहीखाली ‘जामात’ असं लिहिलं होतं. जावई होता, म्हणजे मुलगी होती!

मग आत्यानं त्या जावयाचं आडनाव आणि गाव घेऊन त्याच्या घराण्याचे उपाध्याय शोधले. त्यांच्या वहीत त्याच्या मुलाची नोंद निघाली. श्राद्धाला बापाकडच्यांबरोबर आईचा बाप, आजा, पणजा यांचीही नावं घ्यावी लागतात, म्हणून त्यानं आजोळ सविस्तर लिहिलं होतं. त्यात आईचं माहेरचं नाव होतं, तिच्या बहिणींचीही होती. खुंटलेल्या शाखेपुढे आत्यानं चार मुली लिहिल्या, शाईनं. त्यानंतर तिनं सगळी वंशावळ नव्यानं मांडायला घेतली, लेकी-सुनांसकट. कुलवृत्तांतांनी ज्यांना ओळीतून वगळलं त्या बायकांसाठी तिनं केवढी पायपीट केली!

२०२३ पासून जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आत्या त्याआधीच गेली. तिची वही आता माझ्या चुलतबहिणीकडे आहे आणि तीही मोडी शिकतेय. दोन शाखा अजून पेन्सिलीत आहेत. त्यांच्यासाठी तिला त्र्यंबकेश्वरच्या वह्या पाहायच्या आहेत.