अकरावीत गुण घसरले, म्हणून शिष्यवृत्ती हुकली का?

दहावीला नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलेला मुलगा अकरावीच्या निकालात साठावर येतो, हे महाराष्ट्रात घरोघरी घडते. मराठी माध्यमातून आलेल्याला सायन्सची इंग्रजी पुस्तके अंगावर येतात, कुणी गाव सोडून हॉस्टेलवर राहू लागतो, कुणाचा अर्धा दिवस क्लासला ये-जा करण्यात जातो. निकाल लागला की घरात निवाडाही लागतो : ‘आता स्कॉलरशिप विसरा.’ हा निवाडा बहुतेक वेळा घाईचा असतो. शिष्यवृत्तीची प्रत्येक योजना वेगळी गोष्ट तपासते. कुणी बारावीचे गुण पाहते, कुणी सीईटीचा क्रमांक, तर कुणी घरचे उत्पन्न. आपली घसरण नेमकी कुठे मोजली जाते, हे कळले तर निम्मी भीती जागीच ओसरते.

गैरसमज १ : अकरावीचे गुण पुढे सगळीकडे आडवे येतात.

वस्तुस्थिती : राज्य मंडळात अकरावीची परीक्षा आपले कनिष्ठ महाविद्यालयच घेते. मंडळाच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर अकरावीची ओळच नसते. पदवीच्या पहिल्या वर्षासाठीच्या बहुतेक सरकारी शिष्यवृत्त्या बारावीपासूनच हिशेब सुरू करतात. याला ठळक अपवाद झाला तो २०२१ साली. कोविडमुळे बारावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के धरून निकाल लावला गेला.

मात्र शाळेपासून मिळत आलेली शिष्यवृत्ती घसरणीने तुटू शकते. आठवीत ‘एनएमएमएस’ परीक्षा देऊन निवडल्या गेलेल्यांना नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. ती चालू राहण्यासाठी नववी आणि अकरावीला किमान ५५ टक्के, तर दहावीला ६० टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमातींना यात ५ टक्क्यांची सवलत आहे. घरात एनएमएमएसधारक असेल, तर अकरावीचा निकाल त्याच्यासाठी खरोखर पैशांचा आहे.

गैरसमज २ : गुण धरत नाहीत, मग अकरावी ‘रेस्ट इयर’ समजावी.

वस्तुस्थिती : हा गैरसमज पहिल्यापेक्षा महागात पडतो. अकरावीचे गुण मागे राहतात, अभ्यासक्रम मात्र पुढे येतो. एमएचटी-सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स या प्रत्येक विषयाच्या ५० प्रश्नांपैकी साधारण १० अकरावीच्या ठरावीक धड्यांवर असतात. जेईई आणि नीटला तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो. म्हणून अकरावीत घसरलेल्याने आधी उत्तरपत्रिका काढून बसावे. कोणत्या धड्यांवर गुण गेले ते लिहून काढावे आणि त्यातले सीईटीच्या यादीत कोणते आहेत ते पाहावे. सगळी अकरावी पुन्हा करायची गरज नसते. बारावी सुरू होण्याआधीच्या सुट्टीत तेवढे धडे पक्के झाले, तरी नुकसान बरेचसे भरून निघते.

गैरसमज ३ : ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के.

वस्तुस्थिती : या एका गोंधळापायी किती तरी पात्र मुले अर्जच भरत नाहीत. केंद्र सरकारच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्तीला (सेंट्रल सेक्टर स्कीम) बारावीत आपल्या मंडळात, आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असावे लागते. याचा अर्थ शंभरातले ऐंशी जण आपल्या मागे असावेत. हा आकडा त्या वर्षीच्या निकालावर ठरतो. पेपर अवघड गेले तर ऐंशीपेक्षा पुष्कळ कमी टक्के असणाराही पात्र ठरू शकतो आणि निकाल भरघोस लागला तर ८० टक्केही अपुरे पडतात.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असावे लागते. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्यांतल्या निम्म्या मुलींसाठी. विज्ञान, वाणिज्य आणि कला शाखांत त्या ३:२:१ या प्रमाणात विभागतात. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर करायचा. यात दहावी-अकरावीच्या चढउताराचा कुठेही संबंध येत नाही.

गैरसमज ४ : मेरिट म्हणजे फक्त बोर्डाचे गुण.

वस्तुस्थिती : मेरिटचे अनेक दरवाजे प्रवेश परीक्षेतून उघडतात. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठीची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंतची आहे. ती मंडळातल्या पहिल्या एक टक्का विद्यार्थ्यांना मिळते, पण जेईई किंवा नीटच्या पहिल्या १०,००० क्रमांकांत असणाऱ्यालाही तिचा रस्ता खुला असतो. अट एवढीच की प्रवेश बीएस्सी किंवा बीएस-एमएससारख्या विज्ञान अभ्यासक्रमाला घ्यावा. इंजिनिअरिंग-मेडिकलला ती नाही.

इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांनी ‘टीएफडब्ल्यूएस’ नजरेआड करू नये. मंजूर जागांच्या ५ टक्के जादा जागा या योजनेत भरतात आणि तिथे शिक्षण शुल्क पूर्ण माफ असते. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना त्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) राउंडमध्ये गुणवत्ता क्रमांकानुसार मिळतात. पसंतीक्रम भरताना त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो. तो यादीत टाकला नाही, तर क्रमांक कितीही चांगला असला तरी जागा मिळत नाही.

खासगी क्षेत्रात रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती बारावीला ६० टक्के आणि कुटुंबाचे उत्पन्न १५ लाखांच्या आत एवढी पात्रता मागते. मग ऑनलाइन कल चाचणी आणि घरची परिस्थिती यांवर निवड होते. पदवीच्या काळात दोन लाख रुपयांपर्यंत मदत मिळते.

म्हणून बारावीकडे दुर्लक्ष करून चालेल, असे मात्र नाही. राज्यात सीईटीतून इंजिनिअरिंगला जायचे तर खुल्या प्रवर्गाला बारावीत पीसीएमला ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. एनआयटी-आयआयटीसाठी ७५ टक्के किंवा मंडळातल्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान हवे.

गैरसमज ५ : फीची सवलत फक्त हुशार मुलांना मिळते.

वस्तुस्थिती : महाडीबीटी पोर्टलवरच्या कितीतरी योजनांत टक्क्यांपेक्षा उत्पन्न, प्रवर्ग आणि प्रवेशाचा मार्ग यांना जास्त महत्त्व आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी निम्मे शिक्षण शुल्क मिळते. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना त्याच उत्पन्न मर्यादेत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. दोन्हींत प्रवेश कॅपमधूनच हवा. घाबरून मॅनेजमेंट कोट्यात जागा घेतली, की या सवलतीही हातच्या जातात. गुण घसरल्याच्या धास्तीने पालक नेमकी हीच चूक करतात.

गैरसमज ६ : एकदा मिळाली की पदवीपर्यंत चिंता नाही.

वस्तुस्थिती : दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. सेंट्रल सेक्टर शिष्यवृत्तीसाठी प्रत्येक वर्षी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. खासगी विद्यापीठे प्रवेशाच्या वेळी जाहीर करतात त्या सवलती पुढच्या वर्षांत सीजीपीए खाली आला तर बंद होऊ शकतात. सवलत किती सीजीपीएला बंद होते, हे फी भरण्याआधी लेखी घ्यावे. एकाच वेळी दोन सरकारी लाभ घेणेही अनेक योजनांना चालत नाही. सेंट्रल सेक्टर घ्यायची की राज्याची फीमाफी, याचा हिशेब करूनच एक निवडावी. इंजिनिअरिंगला सहसा फीमाफीच फायद्याची ठरते, तर कमी फीच्या बीए-बीकॉमला रोख १२,००० अधिक उपयोगी.

गैरसमज ७ : परदेशी विद्यापीठेही फक्त बारावीच पाहतात.

वस्तुस्थिती : अमेरिकेत पदवीला अर्ज करताना नववीपासूनच्या चारही वर्षांचे गुण पाठवावे लागतात, त्यामुळे तिथे अकरावी दिसतेच. पण आजारपण, घरातला मृत्यू, माध्यमबदल अशी खरी कारणे मांडायला कॉमन अ‍ॅपच्या अर्जात वेगळी जागा असते. तिथे चार वाक्यांत कारण आणि त्यानंतरची सुधारणा सांगावी, रडगाणे नको. आणखी एक : हार्वर्ड, येलसारखी आयव्ही लीग विद्यापीठे गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतच नाहीत, तिथली मदत गरजेवर ठरते. गुणवत्ता शिष्यवृत्ती हवी असेल, तर ती देणारी विद्यापीठे शोधून अर्ज करावा.

अकरावीचा निकाल हातात आला की चिडण्याआधी एक तक्ता करावा : योजना, कोणते गुण लागतात, उत्पन्नाची मर्यादा, अर्जाची मुदत. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाईल आत्ताच काढून ठेवावे, बँक खात्याला आधार जोडून घ्यावे. अर्ज भरल्यावर कॉलेजच्या कार्यालयाने तो ऑनलाइन पुढे पाठवला का, हे जाऊन पाहावे, कारण तिथे अडलेला अर्ज नव्वद टक्केवाल्याचाही परत येतो. घसरलेले गुण वर्षभरात सावरता येतात. चुकलेली मुदत मात्र त्या वर्षी पुन्हा मिळेलच असे नाही.