पवनचक्क्या, पठार आणि पाहणारा



गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने आमच्या हातात चिठ्ठी दिली. तिच्यात एकच प्रश्न होता : पवनचक्क्यांमुळे डोंगर विद्रूप होतात का, आणि होत असतील तर पर्यटक यायचे थांबतील का? प्रश्न साधा दिसतो. पण त्यात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. आज ती गाठ सोडवून पाहू.

उदाहरण साताऱ्याचे घेऊ, कारण ते आम्ही पाहिलेले आहे. साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर करत वर गेले की चाळकेवाडीचे पठार लागते. हजार मीटरहून उंच, सपाट, जांभ्या दगडाचे. अशा जागेला आपल्याकडे सडा म्हणतात. पवनचक्क्या यायच्या आधी आम्ही कॉलेजच्या मुलांना घेऊन तिथे गेलो होतो. उन्हाळा होता. खडक, वाळके गवत आणि डोक्यावरची टोपी उडवणारा वारा. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, इथे बघायचं काय?" आणि आम्ही, तत्त्वज्ञानाचे मास्तर, ऐटीत म्हणालो, "अरे, इथे काहीच नाही, म्हणून तर आलो!" त्या वाक्याची आज आम्हाला लाज वाटते. का, ते पुढे येईल.

पुष्कळ वर्षांनी नातवंडांबरोबर गेलो तेव्हा पठारभर पवनचक्क्या उभ्या होत्या. रुंद रस्ता झाला होता. भाजलेल्या मक्याची कणसे विकायला होती, चहा होता, आणि पात्यांच्या खाली उभे राहून फोटो काढणारी माणसे होती. आम्ही मनात ठरवूनच गेलो होतो की वाईट वाटणार. पण खरे सांगायचे तर वाईट वाटले नाही. ढग पात्यांमधून सरकत होते, पात्यांचा घुमणारा आवाज येत होता, आणि नात म्हणाली, "आजोबा, किती भारी!" भारी होतेच.

आता यंत्रे तिथेच का, हे थोडक्यात पाहू. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. त्यामुळे वेगात थोडासा फरक असला तरी विजेच्या हिशेबात तो फार मोठा ठरतो, आणि उघडे, उंच माथे सोन्याच्या भावाचे होतात. आपल्या सह्याद्रीवर हा वारा मुख्यतः जून ते सप्टेंबर, नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात जोर धरतो. सड्यावर पाण्याची डबकी भरतात, गवत उगवते, पुढे फुले येतात, तेही पावसाच्या जोरावरच. म्हणजे यंत्राचा हंगाम आणि सड्याचा हंगाम जवळजवळ एकच.

पर्यटक येणे थांबले का? चाळकेवाडीला तरी उलटेच दिसते. यंत्रांसाठी रस्ता झाला, रस्त्याने गाड्या आल्या, आणि यंत्रेच बघण्याची गोष्ट झाली. इतर देशांत वेगळे अनुभव असतील. स्कॉटलंडमध्ये या विषयावर मोठा वाद आहे. तिथे 2014 साली सरकारी निसर्गसंस्थेने 42 'रानटी भूप्रदेशां'चा नकाशा केला, आणि त्यांच्या क्षितिजावर पवनचक्की दिसावी की नाही, यावर भांडणे होतात. पण तिथल्या डोंगराळ भागातला पुष्कळसा एकांत काही अनादी नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनी मेंढ्यांसाठी शेतकरी कुटुंबे हुसकावून लावली, आणि मग ती मोकळी जागा प्रवाशांना मोहक वाटू लागली. डोळ्याला जे 'मूळचे' वाटते ते मूळचे असेलच असे नाही.

आणि पर्यटक हा निसर्गाचा पहारेकरी आहे, असे तरी कुठे आहे? चाळकेवाडीपासून फार लांब नसलेले कासचे पठार बघा. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातली 39 ठिकाणे जागतिक वारशात घेतली, त्यात कास आहे. तिथे एकही पवनचक्की न लावता नुसत्या आपल्या प्रेमामुळे फुले तुडवली जाऊ लागली. शुल्क आले, माणसांच्या संख्येवर मर्यादा आली, कुंपण आले, आणि कुंपणावर वादही आला. तेव्हा 'पर्यटक येतात, म्हणजे पठार ठीक आहे' आणि 'पर्यटक येत नाहीत, म्हणजे पठार बिघडले' ही दोन्ही अनुमाने चूक आहेत. गर्दी हा या खटल्यातला चांगला साक्षीदार नव्हे.

इथे आम्हाला कांट आठवतो. घाबरू नका, फार खोल जात नाही. 1790 सालच्या आपल्या ग्रंथात कांट म्हणतो की सौंदर्याचा आनंद वस्तूच्या नुसत्या दिसण्यावर भागतो. ती वस्तू खरोखर आहे की नाही, याच्याशी त्या आनंदाला कर्तव्य नसते. पण पुढे तोच एका खानावळवाल्याची गोष्ट सांगतो. खेड्यातल्या शांततेसाठी आलेल्या पाहुण्यांना रात्री नाइटिंगेल पक्ष्याचे गाणे ऐकायचे असते. आसपास पक्षी नसतो. मग हा गृहस्थ एका पोराला झुडपात बसवतो आणि तोंडात वेताची पुंगी धरून हुबेहूब तसा आवाज काढायला लावतो. पाहुणे खूश! पण ती लबाडी आहे हे कळले की तेच गाणे कुणाला क्षणभरही ऐकवत नाही. सूर तेच, कान तेच. मग गेले काय? पक्षी गेला. निसर्गाच्या बाबतीत आपल्याला नुसते दिसणे-ऐकणे पुरत नाही, तिथे कुणीतरी खरोखर असावे लागते.

आता चाळकेवाडीच्या झुडपात कोण बसले आहे, ते बघू. या पठारावर एक सरडा राहतो. नर गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा उघडतो. शास्त्रज्ञांनी 2016 साली या गटाला स्वतंत्र प्रजाती-कुळाचे नाव दिले ते 'सरडा' हेच, आपला मराठी शब्द! पुढे मारिया ठाकर, अमोद झांब्रे आणि हर्षल भोसले या संशोधकांनी याच भागात पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या जागांची तुलना केली. तो अभ्यास 2018 साली 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' या नियतकालिकात आला. यंत्रांच्या जागी शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी आढळले. पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त. बरं, सरडे वाढले तर चांगलेच की! पण पुढे बघा. त्या सरड्यांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक कमी होते, माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते, अंगाने ते हडकलेले होते, आणि नरांच्या गळ्याचा रंगही फिका पडला होता. आभाळातल्या पक्ष्यात झालेला बदल खाली जमिनीवरच्या जिवाच्या रक्तापर्यंत आणि रंगापर्यंत पोचला.

मंडळी, आम्ही नातवंडांबरोबर तिथे तासभर होतो. यातले काहीही आम्हाला दिसले नाही. कुणाला दिसणार? न आलेली घार फोटोत येत नाही. म्हणून चिठ्ठीतल्या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. डोंगर विद्रूप दिसतो का? ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर आहे. डोंगराचे काही बिघडते का? होय, आणि ते डोळ्यांनी ठरवायचे नसते, मोजून ठरवायचे असते.

तिथेच आमचे 'इथे काहीच नाही' हे वाक्य आम्हाला बोचते. सरकारी कागदावर ज्याला 'पडीक' म्हणतात, तेच आम्ही जरा काव्यमय करून म्हणालो होतो. पडीक म्हणजे काय? ज्यातून महसूल येत नाही ते. गुराख्याला विचारा, तो त्याला कुरण म्हणेल. सरड्याला नाव नाही लागत, त्याचे ते घर आहे. आधी जागा 'रिकामी' ठरते, मग ती भरणे सोपे होते. ही सुरुवात यंत्र करत नाही, आपला शब्द करतो.

मग पवनचक्क्या नकोत का? असे म्हणायचा आम्हाला अधिकार नाही. या सभागृहातले दिवे आणि हा ध्वनिक्षेपक विजेवर चालतो. वीज कोळशाची असेल, तर चंद्रपूरकडे जमीन खणली जाते आणि धूर होतो, फक्त तो आपल्या सहलीच्या वाटेवर येत नाही. वीज धरणाची असेल, तर कोयनेच्या शिवसागरात गावे बुडाली आहेत आणि तिथली माणसे उठवली गेली आहेत. निर्दोष वीज नावाची वस्तू नाही. तापणाऱ्या हवेपासून सडाही वाचणार नाही. म्हणून प्रश्न 'हवी की नको' असा न विचारता 'कुठे, किती आणि कोणाला विचारून' असा विचारावा लागतो.

आज त्याची व्यवस्था अपुरी आहे. पर्यावरणीय मूल्यांकनाची 2006 ची जी अधिसूचना आहे, तिच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्प नाहीत. वनजमीन लागली तर वेगळी परवानगी घ्यावी लागते, पण सडा वनखात्याचा नसेल तर त्याच्या वतीने पक्षी मोजणार कोण? ही मोजणी आधी झाली पाहिजे. दुसरे, जिथे यंत्रे उभी आहेतच तिथली जुनी, लहान यंत्रे काढून थोडी, मोठी बसवता येतात. केंद्राचे तसे धोरण 2016 पासून आहे, 2023 मध्ये ते सुधारले. मोडलेल्या जागेचा पुरता उपयोग करा, मग अखंड सड्याकडे बघा. मोठ्या पात्यांचे पक्ष्यांवर काय होते, हेही तिथे मोजत राहावे लागेल. आणि तिसरे, यंत्रासाठी केलेला प्रत्येक रस्ता सहलीच्या गाड्यांसाठी कायमचा उघडा ठेवायलाच हवा, असे नाही.

आमचा तो विद्यार्थी आता स्वतः आजोबा व्हायच्या वयाचा असेल. तो भेटला तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला दुरुस्त करायचे आहे. तुम्हीही पुढच्या वेळी चाळकेवाडीला जाल तेव्हा फोटो जरूर काढा, कणीसही खा. पण नंतर रस्त्यापासून थोडे दूर, एखाद्या खडकाशी पंधरा मिनिटे गप्प बसा. आधी खाली बघा, मग वर बघा. सरडा पळतो का, आणि आभाळात कुणी घिरट्या घालते का, एवढेच पाहा.

इथेच थांबतो. चिठ्ठ्या आणा, उत्तरे देऊ.