तुर्कीत घर घेताय? आधी कर क्रमांक काढा

इस्तंबूलच्या फ्लॅटच्या जाहिराती आमच्याही मोबाईलवर येतात. बयाणा द्यायच्या आधी तिथला 10 अंकी कर क्रमांक काढावा. त्याशिवाय बँकेत खातं उघडत नाही आणि खरेदीचं कामही पुढे सरकत नाही. पासपोर्ट घेऊन तिथल्या कर कार्यालयात गेलं की तो फुकट मिळतो. कार्यालयाला ते ‘वेर्गी दाइरेसी’ म्हणतात, आपल्या उर्दूतला ‘दायरा’ तोच! काही एजंट मात्र याचेही पैसे उकळतात. घर मियाँबीवी दोघांच्या नावावर असेल तर क्रमांक दोघांचे वेगळे. आणि या क्रमांकाने राहायचा परवाना मिळत नाही, हे लक्षात असू द्या.

भारतात राहणाऱ्यांनी हे घर इथल्या आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावंच. लपवलं तर 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो.