घट्टे तपासून घेतलेली माणसे

स्पॅनिशमध्ये ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. त्यावरून ‘ब्रासेरो’, हातांच्या बळावर राबणारा. महायुद्धात अमेरिकेतली तरणी माणसे आघाडीवर नाहीतर कारखान्यांत गेली, शेतमालकांनी मजूरटंचाईची ओरड सुरू केली, तेव्हा ४ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिका आणि मेक्सिकोने मेक्सिकन मजूर कंत्राटावर आणण्याचा करार केला. सप्टेंबरात या ब्रासेरोंची पहिली तुकडी कॅलिफोर्नियात स्टॉक्टनला उतरली, बीटच्या शेतांवर. युद्ध संपले तरी स्वस्त मजुरांची चटक सुटली नाही. १९६४ अखेर हा करार संपेपर्यंत सुमारे ४६ लाख कंत्राटे झाली. तीच माणसे पुन्हा पुन्हा जात, म्हणून डोकी याहून बरीच कमी.

कागदावर करार चांगलाच होता. ताशी किमान ३० सेंट, राहायची सोय, जाण्यायेण्याचा खर्च, कंत्राटातल्या किमान तीन चतुर्थांश दिवसांना कामाची हमी. खुद्द अमेरिकी शेतमजुरांना एवढे कुणी कबूल केले नव्हते! प्रत्यक्षात भरतीच्या वेळी तळहात चाचपत. घट्टे नसतील तर परत. सीमेवर कपडे उतरवून अंगावर डीडीटीची फवारणी. लिओनार्ड नाडेलने १९५६ मध्ये काढलेले ते फोटो आजही बघवत नाहीत. शेतात हाती यायची आखूड दांड्याची कुदळ, ‘एल कोर्तितो’. ती धरून दिवसभर वाकायचे. कुणी पाठ सरळ केली की मुकादमाला लांबूनच दिसे. कॅलिफोर्नियात ही कुदळ बंद झाली १९७५ मध्ये, ब्रासेरो गेल्यावर अकरा वर्षांनी.

१७ सप्टेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियातल्या चुआलारजवळ शेतावरून परतणाऱ्या मजुरांच्या ट्रकवर मालगाडी आदळली. ३२ जण गेले. माणसे वाहायला वापरलेला तो ट्रक मुळात मालाचाच होता.

मला सगळ्यात झोंबते ती दहा टक्क्यांची गोष्ट. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतून दहा टक्के कापून मेक्सिकोतल्या बचत खात्यांत धाडत. मजूर घरी परतावा, हा हेतू. अनेकांना कपातीचा पत्ताच नव्हता, आणि पैसे बहुतेकांच्या हाती पडलेच नाहीत. मोर्चे निघाले, अमेरिकी कोर्टांत दावे पडले, तेव्हा कुठे २००५ मध्ये मेक्सिकोने भरपाईचा निधी काढला: माणशी ३८ हजार पेसो. त्यासाठी त्या काळची कागदपत्रे दाखवायची होती. ऐंशीच्या घरातले म्हातारे साठ वर्षांपूर्वीची चिठ्ठी हुडकू लागले. जे उरले नव्हते, त्यांच्या बायका रांगेत उभ्या राहिल्या.